सावली चालणारं झाड

झामनदास अंकलना पामचा साचा काढायचा होता. साचा काढून झाल्यावर खऱ्या पामचं काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून तो आमच्या घरी आला. उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांचा प्लॅस्टिकच्या फुलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि तिच्यात दिवसभर धापा टाकत गुलाब ओकणारं एक यंत्र. मग कधीतरी लोकांना गुलाबांचा कंटाळा आला आणि सगळ्यांना पाम हवेसे झाले. अंकलनी कुठल्याशा नर्सरीतून एक कुंडी आणली. कुंडीत दाटीने बरीच रोपं होती. पानं नीट मोजता-मापता यावीत म्हणून त्यांनी एक रोप ठेवून बाकीची उपटून टाकली, उरलेल्याचं पान न् पान साच्यात उतरवलं, आणि एका दुपारी ते रोप हातगाडीवर घालून आईच्या कॉलेजच्या दारात उभे राहिले. त्यांची मुलगी आईच्या वर्गात होती. "मॅडम, ये असली है," ते म्हणाले, "अब असली का मैं क्या करूँ? रोज पानी माँगता है."

आई त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने ते गुडघाभर उंचीचं झाड बसमधून, शेजारच्या बाईच्या मांडीवर अर्धा संसार पसरून, अंबरनाथला घरी आणलं. नकलेचं काम भागल्यावर अस्सल वस्तू फुकट मिळते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. पुढच्या आयुष्यात त्याला पुष्टी देणारे प्रसंग बरेच आले.

त्या काळात आमच्या भागात पामशिवाय काही सुरू होत नसे आणि काही संपतही नसे. कारखान्याचा वर्धापनदिन असो, नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो की एखाद्या मॅनेजरची शोकसभा, व्यासपीठाच्या दोन्ही अंगांना कुंड्या लागायच्याच. कुंड्या त्याच असत, सतरंजीही तीच असे, आणि पुष्कळदा भाषणही. बाबा एका कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर होते. त्या कुंड्या त्यांच्या ताब्यातल्या सामानात मोडत, त्यामुळे आम्हाला अशा समारंभांत पुढची रांग मिळायची. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. एवढी भाषणं ऐकून माझं मत असं झालं होतं की व्यासपीठावरच्या मंडळींत सर्वांत संयमी पामच. त्याला बोलायचं असलं तरी तो बोलत नाही.

आम्ही मोरिवलीला लागून असलेल्या वसाहतीत राहायचो. घराला घड्याळाची गरज नव्हती, कारण आजूबाजूच्या प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा होता. एक जाडसर, कफ झाल्यासारखा. तो वाजला की आई कणीक मळायला घ्यायची. दुसरा बारीक, तक्रारखोर, तो बाबांचा. तिसरा मधेच तुटायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, जणू त्याला काहीतरी आठवलं. तो आत्याचा. सुमनआत्या बाबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असायची आणि रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा कायम पिवळा असे. सकाळी वालाचं बिरडं करायला वाल सोलताना ती सालं आपल्या बोटांशेजारी धरून मला विचारायची, "यातलं कोण जास्त पिवळं?" वालधुनीच्या पुलावरून जाताना ती खाली पाण्याकडे बघून सांगायची, "आज नारिंगीची बॅच काढलेली दिसते." तिला ते काम आवडायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या काळात बाईच्या नोकरीबद्दल बोलताना लोक तिला काम जमतं का, झेपतं का, घरच्यांना चालतं का, हे सगळं विचारायचे. आवडतं का हे कुणी विचारत नसे.

पामची जागा ठरली ती कपाट आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधल्या बोळकांडीत. तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "इथे ऊन नाही, मरेल हो." आई म्हणायची, "नाही मरणार." एका रविवारी, मे महिन्यात, बाबांना दया आली. आई बाजारात गेली असताना त्यांनी कुंडी उचलून गच्चीत नेऊन ठेवली आणि स्वतः पंख्याखाली पेपर वाचत बसले. संध्याकाळपर्यंत पानं शिजवलेल्या मेथीच्या रंगाची झाली. आईने कुंडी परत आणली. जेवताना तिने बाबांच्या ताटात मेथीची भाजी जरा जास्त वाढली.

ते झाड कुठलं, कसं, हे आईने आम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बहुधा भाजी निवडताना. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा सखल, दमट जंगलात ते जमिनीलगत वाढतं. वर मोठमोठ्या झाडांचं छत असतं, आणि त्या छतातून गळून जो काही उजेड खाली येतो त्याच्यावर याने भागवायचं. खोड कसं, तर करंगळीएवढं, हिरवं. गळून गेलेल्या प्रत्येक पानाची त्याच्यावर एक कडी राहते, म्हणून बांबूसारखं दिसतं. पानं पातळ आणि रुंद, मिळेल तेवढा उजेड टिपून घेण्यासाठी पसरलेली. मोठं व्हायची घाई नाही. नारळ-ताडाच्या कुळात जन्मून ज्याची उंची माणसाच्या खांद्याशीच थांबते, असं हे झाड. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ, आई म्हणाली, "जमिनीवरची भेट". फळं इतकी खाली लागतात की हात वर करावा लागत नाही.

"मग याला कधी लागणार फळं?" मी विचारलं.

"लागणार नाहीत. एकटी आहे ती."

ही बातमी आम्हाला नवी होती. या पाममध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी, हे माडाशी ओळख असलेल्या आमच्या डोक्यात बसेना; माडाचं सगळं एकाच झाडावर असतं. आईने पानांच्या बगलेतून निघालेली हिरवी काडी दाखवली. तिच्या ताठ फाट्यांवर मोहरीएवढे पिवळे दाणे एकमेकांपासून अंतर राखून बसले होते. "ही मादीची फुलं. अशी सुटी सुटी असतात. नराची दाटीवाटीने येतात आणि त्यांना वास असतो." अंकलनी उपटून टाकलेल्या रोपांत नर असणार, हे ओघाने आलंच.

तेव्हापासून आई जिथे जाईल तिथे पामकडे वाकून बघू लागली. दाताच्या डॉक्टरकडे, लग्नाच्या हॉलमध्ये, एकदा तर शोकसभेतसुद्धा. बाबा म्हणाले, "बायको माझ्या साहेबांना श्रद्धांजली वाहायला वाकलीय असं सगळ्यांना वाटलं, मी गप्प राहिलो." बहुतेक ठिकाणी पाम दुसऱ्याच जातीचा निघे, नाहीतर झामनदास अंकलचा. आत्या तिला चिडवायची, "काय वहिनी, जमलं का कुठे?" आणि आई म्हणायची, "तुझ्या दादाला आधी तुझं जमवू दे."

ते खरंच चाललं होतं. आत्याची तिशी दिसू लागली होती, आणि आईवडिलांच्या माघारी बहिणीचं लग्न लावून देणं हे बाबांनी स्वतःवर ओढून घेतलेलं काम होतं. स्टोअर्समधलं जे सामान उठत नसे त्याने त्यांची झोप उडायची नाही, याने उडायची. आत्या लग्नाच्या विरोधात नव्हती. पोहे केले, चहा दिला, प्रश्नांना उत्तरं दिली. पण प्रत्येक ठिकाणी कुठेतरी तो शब्द यायचा. नोकरी सोडलेली चालेल ना? आमच्याकडे एकत्र कुटुंब, चालेल ना? मराठीत 'चालेल' हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात होकार असतो, पण आनंद असल्याची हमी नसते.

बदलापूरचं स्थळ बाबांना मनापासून पसंत होतं. कात्रपला स्वतःचा ब्लॉक, मुलगा विमा कंपनीत, घरात तो आणि आई, बस्स. मुलीने आमचं घर बघायला यावं, असा निरोप मुलाच्या आईने पाठवला. हे जरा उलटं होतं, पण सबनीसकाकूंना आपलं घर दाखवायची हौस होती हे तिथे पोचल्यावर कळलं. सकाळी आत्याने लिंबू आणि धुण्याचा सोडा लावून बोटं घासली. ती पिवळीची पिवळीच राहिली, वर लालही झाली.

काकूंच्या बैठकीत प्रत्येक वस्तूने काहीतरी घातलेलं होतं. टीव्हीला झालर, टेलिफोनला मखमली टोपी, सोफ्याच्या हातांना क्रोशाचे रुमाल. आणि खिडकीपाशी, पितळेच्या घंगाळात, पाम. पानं अशी चकचकत होती की मला ती अंकलच्या शेडमधली वाटली.

"खोबरेल तेल," काकू म्हणाल्या. "दर शुक्रवारी एकेक पान पुसते मी. आमच्याकडे काही मळकं चालत नाही." मग त्यांची नजर आत्याच्या हातावर गेली. "हे काय, हळद लागली की काय आधीच?"

"कामाचा रंग आहे," आत्या म्हणाली.

"जाईल ना?"

"सुट्टीत थोडा फिका होतो."

मुलगा, सुधीर, समोर बसला होता. चेहऱ्याने बरा, आणि हसू आलं की खाली बघायचा. तेवढ्यात पोहे आले. काकू बशा पुढे करू लागल्या, बाबा बदलापूरच्या हवेची स्तुती करू लागले, आणि त्या सगळ्या गोड गोंगाटात आईचा आवाज आला, वर्गात बोलते तसा, स्वच्छ.

"नर आहे."

काकूंचा हात बशीवरच थांबला. "कोण?"

"हा. चांगला फुलावर आलेला आहे." आई घंगाळापाशी उकिडवी बसली होती. "आमच्याकडे मादी आहे. कितीतरी दिवस आम्ही शोधतोय, मिळतच नव्हता."

सुधीर खाली बघू लागला. बाबांनी तोंडात पोह्यांचा एवढा मोठा घास घेतला की काही बोलायची जबाबदारी आपोआप टळली.

"ती काडी होय," काकू सावरून म्हणाल्या. "अहो, ती आली की मी कापून टाकते. खाली पिवळा भुगा पडतो. आणि बांबूला फूल येणं घराला चांगलं नसतं म्हणतात. आज तुमच्या गडबडीत राहून गेली. थांबा, कात्री आणते."

"हा बांबू नाही," आई म्हणाली.

"बांबू पाम म्हणूनच दिलाय नर्सरीवाल्याने. फूल आलं की बांबू मरतो, आणि जाताना दुष्काळ देऊन जातो. आमच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे."

"बांबूचं असेल. हा दर वर्षी फुलतो आणि मजेत राहतो."

काकू कात्री घेऊन आल्याच. पाहुण्यांदेखत हार घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्या वाकल्या, आणि आत्या उठली. तिने रुमाल काडीखाली धरला. "कापणारच असाल तर मला द्या," ती म्हणाली. काकूंनी कापली. रुमालावर पिवळी धूळ सांडली आणि बैठकीत एक मंद, गोडसर वास सुटला. खोबरेल तेलाच्या वर तो अगदी स्पष्ट आला.

"रुमालात राहणार नाही," सुधीर म्हणाला. ते त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य. तो आत गेला आणि कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी घेऊन आला, घट्ट झाकणाची. त्याला फोटो काढायचा नाद होता. त्याने धरलेल्या डबीत आत्याने रुमाल झटकला, काडी मोडून भरली, झाकण लावलं. दोघांची बोटं पिवळी झाली. काकूंनी ते पाहिलं आणि लगेच त्याला साबण दिला. आत्याला दिला नाही. त्याचा काही उपयोग नाही असं त्यांना वाटलं असावं.

घरी आल्यावर माझा चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश गेला तो गेलाच. आत्याने परागकण ब्रशवर घेतले आणि त्या सुट्या सुट्या दाण्यांवर एकेक करून टेकवले, मान वाकडी करून, श्वास धरून. प्रयोगशाळेत ती अशीच दिसत असेल असं मला वाटलं. मी तिथे कधी गेले नव्हते. आई शेजारी दिवा धरून उभी होती.

"वहिनी, याला अशी सावलीच आवडते का गं?" आत्याने काम न थांबवता विचारलं.

"आवडत नाही. चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे कमी उजेडात तगायला शिकलंय ते. जंगलात कधी वरचं मोठं झाड पडलं आणि छत फाटलं, की हेच भराभर वाढतं, जास्त फुलतं. तगतंय म्हणून लोक समजतात की आवडतंय."

"मग दादाने उन्हात ठेवलं तेव्हा का भाजलं?"

"एकदम ठेवलं म्हणून. आणि त्याला न विचारता." आई हसली. "शेवटचं शास्त्रात नाही."

मला इथे थांबून सांगितलं पाहिजे की झाडावरून माणसांविषयी निष्कर्ष काढणारी मंडळी मला सोसत नाहीत. व्यासपीठावर वडाचं झाड आणि संस्थापक यांची तुलना मी इतक्यांदा ऐकली आहे की वड दिसला तरी कंटाळा येतो. आईलाही असली सवय नव्हती. तिला पामबद्दल विचारलं होतं, तिने पामबद्दल सांगितलं. आत्याने ब्रश धुतला आणि उलटा करून पेल्यात ठेवला, एवढंच मी पाहिलं.

आठवड्याभरात निरोप आला. मुलगी पसंत आहे. लग्नानंतर नोकरी मात्र सोडावी लागेल. घरात काही कमी नाही, आणि ते हातही सुधारतील. बाबा इतके खूश झाले की त्यांनी बाजारातून सुरमई आणली. जेवताना ते म्हणाले, "सुमन, माणसं चांगली आहेत. नोकरीचं काय, चालेल ना?"

"विचार करून सांगते," आत्या म्हणाली. दोन दिवसांनी तिने सांगितलं, बाबा दाढी करत असताना. "दादा, त्यांना नाही म्हणून कळव." बाबांना कापलं. ते चिडले नाहीत, तेच वाईट होतं. ते म्हणाले, "मी कायमचा असणार आहे का गं?" आत्या म्हणाली, "मला ठाऊक आहे, दादा." दोघंही आरशातच बघत होते.

नकार कळवायची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे: पत्रिका जमत नाही म्हणायचं. पण बाबांनी उत्साहाने पत्रिका आधीच जमवून ठेवली होती. शेवटी ठरलं की डबी परत द्यायच्या निमित्ताने त्यांनी स्कूटरवर बदलापूरला जावं आणि तोंडानेच काय ते सांगावं. आईने डबी घासून पुसून त्यांच्या हातात दिली. तासा-दीड तासात बाबा परत आले, चहासुद्धा न घेता.

"सांगितलंत?"

"डबी दिली," बाबा म्हणाले. "काकू गडबडीत होत्या. म्हटलं, आमच्याकडून हे. समजतील त्या. शहाणी माणसं आहेत."

काकू समजल्या. रविवारी सकाळी त्या आणि सुधीर आमच्या दारात उभे होते, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि नारळ. "साखर पोचली हो!" काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"कसली साखर?" बाबा म्हणाले.

"असं काय करता! डबीतली. मी तर सुधीरला म्हटलं, शिकलेली माणसं, होकारसुद्धा किती कल्पक."

"मी म्हटलं होतं की डबीत साखर आहे, एवढंच," सुधीर खाली बघत म्हणाला.

बाबांनी आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी आणि नंतर कधी पाहिलं नाही. ती शकुन मानत नसे, मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्किट घालायची. पण कुणाचं भांडं रिकामं परत करणं तिच्या हाताला जमत नसे. शेजारच्यांची वाटी असो की झामनदास अंकलच्या घरून दाल-पकवान घेऊन आलेला डबा, परत जाताना त्यात चिमूटभर का होईना काहीतरी जायचंच. डबी एवढीशी, मावणार काय, तर साखर. तिने भरली आणि विसरली.

आता बाबा बोलू लागले, आणि ते काय करताहेत हे मला कळलं. वारा आपल्या बाजूला वळलाय हे पाहून ते शिडाला हात लावत होते. "आता साखर पोचलीच आहे," ते म्हणाले, "मंडळी दारात आलीच आहेत, दिवसही चांगला आहे. सुमन, मग... चालेल ना?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात, पामशेजारी उभी होती. आत कुकरची शिट्टी झाली. पेढे टेबलावर होते, नारळ होता, भाऊ आशेने बघत होता. तिला फक्त गप्प राहायचं होतं. बाकीचं सगळं आपोआप झालं असतं. आमच्या ओळखीतली कितीतरी लग्नं अशीच झाली होती.

"नाही, दादा," आत्या म्हणाली. "मला नाही चालणार."

"काय नाही चालणार?" काकू म्हणाल्या. "मुलगा?"

"मुलाबद्दल माझी तक्रार नाही. नोकरी सोडायची नाही मला. ती साखर, काकू, भांडं रिकामं पाठवायचं नाही म्हणून होती. आमची चूक झाली, माफ करा."

"अगं, नोकरीचं काय एवढं! सुरुवातीला वाटतं. मग सवय होते. बायकांना सगळ्याची सवय होते."

"होते ना," आत्या म्हणाली. "म्हणूनच."

मग तिने सुधीरकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण माणसाला काही म्हणायचं असेल तर पुरेल एवढा वेळ. त्याने मान वर केली, "आई, नोकरीचं आपण..." असं काहीतरी सुरू केलं. काकू म्हणाल्या, "तू थांब." तो थांबला, आणि पामकडे बघत राहिला. त्या काडीवर तोवर इवले हिरवे मणी धरले होते. ते सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात आले असावेत.

पेढे परत न्यायचे की नाही यावर काकूंनी क्षणभर विचार केला. "ठेवते," त्या म्हणाल्या. "परत नेले तर जिन्यात चार जण विचारतील." बॉक्सशेजारी त्यांनी काळी डबीही ठेवली. ते दोघे गेल्यावर मी ती उघडली. आत खडीसाखर होती. त्यांनासुद्धा रिकामी आणवली नव्हती.

बाबा महिनाभर आत्याशी मोजकं बोलले. मग एका संध्याकाळी त्यांनी तिच्यासाठी रबरी हातमोज्यांची जोडी आणली, आपल्या स्टोअर्समध्ये असतात तशी, पण दुकानातून. "घालत जा," म्हणाले. ती घालत नसे. पण ते तिच्या टेबलाच्या खणात कायम असत, हे तिने मला खूप नंतर सांगितलं.

फळं पिकायला दिवाळी उजाडली. काडी नारिंगी झाली, इतकी भडक की त्या अंधाऱ्या बोळकांडीत कुणी काडेपेटी ओढल्यासारखी दिसे, आणि तिच्यावर काळेभोर, मटारापेक्षा लहान मणी. आईने ते सोलले. त्या रसाने तिच्या हातांना दोन दिवस खाज सुटली होती. बिया राखेत घोळून वाळवल्या. अर्ध्या आम्ही पेरल्या. अर्ध्या आत्याने त्या काळ्या डबीत भरल्या.

"हे कशाला आता?" बाबा म्हणाले.

"परागकण त्यांचे होते," आत्या म्हणाली.

या वेळी आईने झाकण उघडून आत बिया आणि फक्त बियाच असल्याची खात्री केली. बाबांच्या ऑफिसात कात्रपजवळच्या खरवईहून येणारे एक गृहस्थ होते, त्यांच्या हाती डबी कात्रपला गेली. मग काहीच झालं नाही. संक्रांत गेली, होळी गेली. आईला बियांची फिकीर नव्हती, तिला डबीची होती. भांडं परत न करणारी माणसं तिच्या मते कुठल्याच शास्त्रात बसत नव्हती.

आज कात्रपला मोठमोठ्या इमारती झाल्या आहेत आणि त्यांच्या प्रवेशदारी पाम असतात. मी अजून वाकून बघते. ते अंकलच्या वंशातले निघतात. धूळ साचलेले, कधीच न मरणारे. आत्या त्याच कारखान्यातून प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. निरोप समारंभात व्यासपीठावर कुंड्या होत्या. ती आधी कुंडीपाशी वाकली आणि मग साहेबांना नमस्कार केला. हे प्रकरण मी तिला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "साखर जास्त लिहिलीयस, इतकी मावत नव्हती तिच्यात."

त्या होळीनंतर, मार्च संपत आला होता तेव्हा, खरवईचे गृहस्थ डबी घेऊन आले. "सबनिसांच्या मुलाने दिलीय," एवढंच म्हणाले आणि गेले. आईने झाकण काढून आत पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "रिकामी," ती म्हणाली. "रिकामी पाठवली हो त्यांनी." तिने ती टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. चिठ्ठी नाही, साखरेचा दाणा नाही. इतका उघड अपमान तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

मधेच तुटणारा भोंगा वाजला, आणि थोड्या वेळाने आत्या घरी आली. पाय धुतले, चहाला आधण ठेवलं. मग आईने डबी तिच्यापुढे सरकवली. आत्याने ती खिडकीकडे नेली, उजेडाकडे तिरपी केली, आणि आत बोट फिरवलं. बोट बाहेर काढून तिने आधी त्याचा वास घेतला. मग ते आईपुढे धरलं. पण तिची बोटं मुळातच पिवळी, त्यामुळे आईला काही कळेना.

"वास घे, वहिनी," आत्या म्हणाली. "रिकामी नाहीये. त्याने काडी कापू दिली नाही."